बेल्ट उडतोय, आणि तोही फक्त ब्रेकवर

आमच्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या कामात मागच्या वेळी हॉल सेन्सरपाशी, म्हणजे मोटर कुठवर फिरलीय ते सांगणाऱ्या सेन्सरपाशी, थांबलो होतो. ती भानगड मिटली. सेन्सरची केबल मोटरला करंट देणाऱ्या फेज वायरींपासून लांब काढली, आता मोटर सुटताना थरथरत नाही. चांगली बातमी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं बेल्टचं रडगाणं आहे.

९० मिमीची युरेथेन चाकं आमच्या दारव्ह्याकडच्या रस्त्यांची नाहीत, हे शकुंतला रेल्वेच्या जुन्या फाटकावरच कळलं होतं. म्हणून सहा इंची हवेचे टायर चढवले. टायर वाढला की पुली वाढवणं आलं, म्हणून मोटर आणि चाकाच्या पुलीच्या दातांचं १५:३६ चं १५:६० केलं. मोटर १९० केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १९० फेरे; पॅक १० एस, म्हणजे ओळीने दहा सेल; तेव्हा ३६ व्होल्टला बिनभाराचे ६,८४० फेरे. जुन्या चाकावर त्याचे ताशी ४८ किमी होत होते, नव्यावर ४९. कागदावर काहीच बदललं नव्हतं. मुरमावर बोर्ड असा पळाला की जिनिंगच्या आवारातली पोरं मागे धावत सुटली.

आणि ब्रेक दाबला (तो बेल्टमधून मोटरच लावते) की कर्रर्र. बेल्ट दात सोडतो, क्षणभर ब्रेक नसतोच, मग परत धरतो.

पहिला संशय अर्थातच खड्यांवर. मुरमाचा एक बारीक खडा दातात बसला तरी बेल्ट उचलला जातो. कव्हर लावलं, कॉम्प्रेसरने पुली साफ केली, फरक शून्य. मग ताण वाढवला. मोटरची बेअरिंग शिटी मारायला लागली, माउंट डोळ्यांना दिसेल इतकं वाकलं आणि बेल्ट तरीही उडाला. ब्रेकचा करंट ४० वरून २५ अँपिअरवर आणला तर आवाज थांबतो, पण २५ च्या वेगातून थांबायला हिशोबाने १७ मीटर लागायचे तिथे २७ लागतात. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी बकऱ्यांचे कळप असतात. १० मीटर कुठून आणायचे?

शेवटी कागद घेतला. बेल्ट एचटीडी ५ एम जातीचा, म्हणजे दातामागे ५ मिमी. १५ दातांच्या पुलीचा पिच व्यास जेमतेम २४ मिमी, ६० दातांचीचा ९५.५. दोन्हींच्या केंद्रांत ८० मिमी. एवढ्या फरकाने बेल्ट छोट्या पुलीला १२७ अंशच मिठी मारतो, म्हणजे सव्वापाच दात. किमान सहा तरी हवेत. चाकाला जुनी ३६ ची पुली होती तेव्हा छोटीवर साडेसहा होते, म्हणून तेव्हा कधी कुरकुर नव्हती. मोटर मागे सरकवून अंतर १०० केलं तरी पावणेसहाच मिळतात, आणि माउंट नवं करावं लागतं. थ्रॉटलला हे का दिसलं नाही? तिथे आपण रॅम्प ठेवलाय, करंट हळूहळू चढतो; ब्रेकचा झटका एकदम येतो. ४० अँपिअरला मोटर २ न्यूटन-मीटर देते, म्हणजे त्या छोट्या पुलीवर साधारण १७ किलोची ओढ.

पंखे-मोटरी भरणाऱ्या मिस्त्रीकाकांना दाखवलं. ते हसले. "पोट्टेहो, पट्टा उडते म्हंता तं त्याले दाबाले काही पायजे नं. थ्रेशर पाह्यलं नाही काय कधी?"

थ्रेशरचा स्प्रिंगवाला आयडलर, म्हणजे बेल्ट दाबून धरणारी मोकळी चाकी, आम्ही जसाच्या तसा ढिल्या बाजूला बसवला. थ्रॉटल लोण्यासारखा. ब्रेक आधीपेक्षा वाईट! दोन्ही गोष्टी एकदम कशा, यावर टीममध्ये भांडणं झाली. उत्तर ब्रेक लावून चाक हळूहळू हाताने फिरवून पाहताना सापडलं. थ्रेशरला बेल्टवरून ब्रेक मारायचा नसतो, त्याची ढिली बाजू कायम ढिलीच. आपल्याकडे ब्रेक लागला की चाक मोटरला ओढतं आणि बाजू बदलतात. ढिली होती ती ताणते, सरळ व्हायला बघते, स्प्रिंगला ढकलून देते. जेवढी स्प्रिंग मागे जाते तेवढी ढील दुसऱ्या बाजूला जमा होते आणि बेल्ट तिथूनच उडी मारतो.

मग स्प्रिंग काढून टाकली. खाचेत बोल्ट, त्यावर ६२०२ च्या दोन बेअरिंग शेजारी शेजारी, बाहेरून बेल्टवर दाबून पक्कं आवळलं. ६२०२ कारण ती सीलिंग फॅनची बेअरिंग, काकांच्या डब्यात पडलेलीच असते. ६०८ पण चालली असती, पण तिच्या २२ मिमी व्यासावर बेल्टला उलटं वाकवणं जिवावर आलं. ३५ बरं. बेल्ट ३६५ मिमी लांबीच्या जागी ३७५ चा घेतला. आता छोट्या पुलीवर मोजून सात दात धरलेले असतात आणि ४० अँपिअरचा ब्रेक गपगुमान लागतो. त्या संध्याकाळी काकांना चहाला नेलं, तर त्यांनी पैसे आम्हाला देऊच दिले नाहीत.

६० ची पुली मागवणाऱ्यांना एक सांगणं: ऑनलाईन घेऊ नका. आमची आली तिची भोकं चाकाशी जुळेनात, दुकानदार फोन उचलेना, शेवटी लेथवरच नवी काढली. आणि पीएलए प्लास्टिकची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली पुली तर विसराच. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलेल्या बोर्डावर त्याचा भरवसा नाही. पॅकसुद्धा आम्ही पहाटेच चार्ज करतो, ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करायचे नसतात आणि इथे दुपारी हवाच तेवढी असते.

आता हे लिहिता लिहिता एक हिशोब मांडला आणि आयडलरवरचं प्रेम डळमळलं. मोटरवर १५ ऐवजी २० दात लावले तर? त्याच ८० मिमीवर १३३ अंश, म्हणजे सात दातांच्या वर, तेही आयडलरशिवाय. शिवाय पुली मोठी, त्यामुळे तेवढ्याच करंटला ओढ १७ वरून १३ किलोवर. किंमत एकच: रेशो ४ चा ३ होतो, चाकावरचा जोर पाव भाग कमी. सपाटीवर चालेल. कालव्याच्या चढावर मोटर तापणार, आणि कंट्रोलर ८५ अंशांपासून करंट कापायला लागतो.

लेथवाल्या दादांना २० दातांची सांगितली आहे, ८ मिमी बोअर (मधलं भोक), की-वे म्हणजे चावीच्या खाचेसकट. आली की आधी कालव्याचा चढ, आयडलर खिशात ठेवून. कुणी आमच्यासारख्या ६३७४ मापाच्या मोटरवर सहा इंची टायरला ३ चा रेशो चालवला असेल तर मोटरचं तापमान किती जातं ते कळवा, म्हणजे काकांची बेअरिंग परत करायची की नाही ते ठरवता येईल.