पथ्याचा कुरकुरीत रावस, ओव्हनमधला

आपल्या रवा फ्रायमध्ये मीठ तीनदा पडतं: धुतल्यावर मीठ-हळद चोळतात तेव्हा, मग मसाल्यात, मग वरच्या रव्यात. किडनीच्या पथ्यात दिवसभराचं सोडियम साधारण 2000 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात आणि सपाट लहान चमचाभर मिठातच 2300 च्या आसपास असतं. म्हणून इथे चार तुकड्यांना मिळून पाव लहान चमचा मीठ, तेही अगदी शेवटी. ‘लो सोडियम’ मिठाच्या वाटेला जाऊ नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला ते जास्त धोक्याचं.

मासा ताजा घ्या. रावस उत्तम, सुरमई-पापलेटही चालेल. या पथ्यात फॉस्फरसही कमी ठेवायचं असतं, आणि फ्रोझन फिले पाणी धरून राहावेत म्हणून बऱ्याचदा फॉस्फेटमध्ये (फॉस्फरसच्या क्षारात) बुडवलेले असतात. पाकिटावर या फॉस्फेटचे क्रमांक, आयएनएस 450, 451 किंवा 452, दिसले तर पाकीट परत ठेवा. माशातलं मूळचं फॉस्फरस शरीर अर्धंमुर्धं शोषतं, हे वरून घातलेलं जवळजवळ सगळं. शिवाय असा मासा ओव्हनमध्ये पाणी सोडतो आणि आवरण लगदा होतं. मांदेली काट्यासकट खाल्ली जाते आणि काट्यातही फॉस्फरस असतं, म्हणून नको. सुकट, सुके बोंबील तर नावही काढू नका.

एका माणसाला 80 ते 100 ग्रॅमची एक तुकडी. 100 ग्रॅम कच्च्या माशात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं येतात. डायलिसिस नसेल तर ती मोजून खायची, डायलिसिसवर उलट जास्त लागतात. तेव्हा आकडा आपल्या आहारतज्ज्ञाकडूनच घ्या.

दीड सेंटिमीटर जाडीच्या चार तुकड्यांना मोठा चमचाभर लिंबाचा रस लावून 10 मिनिटं ठेवा. तासभर ठेवलात तर मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं. मग कापडाने अगदी कोरड्या टिपा. 5 लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं पाणी न घालता वाटा (बाजारच्या पेस्टमध्ये मीठ असतं), त्यात 1 चमचा काश्मिरी तिखट, अर्धा चमचा मिरेपूड, पाव चमचा हळद आणि चमचाभर तेल. हे पातळसर लावा. थर जाड झाला की आवरण सुटतं.

खरी मेख रव्यात आहे. 4 मोठे चमचे बारीक रवा आणि 2 मोठे चमचे तांदळाची पिठी, 2 लहान चमचे तेलात मंद आचेवर फिकट बदामी होईपर्यंत आधीच परता. मासा पंधरा मिनिटांत शिजतो, तेवढ्यात कच्च्या रव्याला रंग येत नाही. रंगाची वाट पाहिली तर मासा चामट होतो. बेसनात पोटॅशियम-फॉस्फरस जास्त आणि ब्रेडच्या चुऱ्यात मीठ, म्हणून दोन्ही नकोत. तुकडी फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून रव्यात दाबा. पिवळा बलक घेऊ नका, फॉस्फरस त्यातच असतं.

ओव्हन 220 अंशांवर, दोन्ही रॉड चालू, रिकामा ट्रे आतच तापू द्या. त्यावर तेलाचा हात फिरवलेली जाळी ठेवून तुकड्या मांडा, म्हणजे खालची बाजू वाफेने ओली होत नाही. 7 मिनिटांनी सपाट कलथ्याने उलटा, पुढे आणखी 6-7. लवकर उलटलात तर रवा जाळीलाच राहील. मधल्या काट्याजवळ काटा-चमच्याने दाबून बघा: पाकळ्या सुटल्या आणि काचेसारखी झाक गेली की झालं. घरगुती ओटीजी बऱ्याचदा आकड्यापेक्षा थंडच असतात, तसं असेल तर दोन मिनिटं वाढवा.

बाहेर काढल्याबरोबर मिक्सरमध्ये पिठासारखं दळलेलं ते पाव लहान चमचा मीठ दोन्ही बाजूंवर भुरभुरवा. जिभेला पहिल्यांदा तेच लागतं, त्यामुळे कमी वाटत नाही. तुकड्या एकावर एक रचू नका, झाकूही नका. सोबत भात, काकडी आणि कांद्याच्या चकत्या. सोलकढी मात्र टाळा. आगळात (कोकमाच्या रसात) मीठ आणि नारळाच्या दुधात पोटॅशियम.