इंग्लंडचं आडवं पोस्टर आणि मालवणची रापण

इंग्लंडमध्ये सिनेमाचं पारंपरिक पोस्टर आडवं असतं. 40 इंच रुंद, 30 इंच उंच, नाव ‘क्वाड’. आपल्याकडे हेच माप उभं धरतात, अमेरिकेत 27 बाय 40 चं उभं चालतं. इथे इंग्लंडमध्ये ग्राफिक डिझाइन शिकताना पोस्टर करायला सांगितलं की कोकणातल्या मुलांचा हात आपसूक गावाकडच्या विषयाकडे जातो. तेव्हा उदाहरणही तिकडचंच घेऊ: मालवणच्या किनाऱ्यावरच्या रापणीवर, म्हणजे वाळूतून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, एक लघुपट.

रापण क्वाडमध्ये चपखल बसते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूतली माणसं ओढतात. दोन खालचे कोपरे, दोन दोर, मधे जाळ्याची कमान आणि कमानीच्या पोटात मोकळं पाणी. शीर्षकाची जागा तिथेच. हेच चित्र आपल्याकडच्या उभ्या पोस्टरसाठी कापलं, तर दोर ओढणारी एक बाजू गायब होते आणि उरलेली माणसं नेमकं काय ओढताहेत ते कळत नाही. त्यामुळे उभ्यासाठी रचना नव्याने मांडायची: एकच दोर, खालच्या कोपऱ्यातल्या हातांपासून तिरका वर जाणारा, आणि टोकाला नखाएवढी होडी.

रेखाटनं संगणकाआधी कागदावर होतात. 4 बाय 3 सेंटिमीटरच्या पंचवीस-तीस चौकटी, जाड मार्कर, एकेका चौकटीला दोन मिनिटं. मार्कर जाड अशासाठी की तपशील भरताच येऊ नये. नारळ, दीपगृह, सूर्यास्त आणि पापलेट एकाच चौकटीत कोंबलं की पर्यटनाचं माहितीपत्रक होतं, सिनेमाचं पोस्टर नव्हे. तीन चौकटी निवडून ए-4 वर मोठ्या करा, आधी फक्त काळ्या-पांढऱ्यात. करड्या छटांत जमलं नाही ते रंगाने सावरत नाही.

खरी गंमत अक्षरांची. इथले शिक्षक सहसा देवनागरी वाचत नाहीत. फायदा असा की शीर्षकाकडे ते निव्वळ आकार म्हणून बघतात आणि कुठे जड झालंय, कुठे पोकळ दिसतंय ते नेमकं सांगतात. तोटा असा की वेलांटी भलतीकडे गेली तरी वर्गात कुणाला पत्ता नसतो. वेंगुर्ल्याच्या बाजारात मात्र शाळकरी पोरही त्यावर बोट ठेवेल.

इलस्ट्रेटर या चित्रं-अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या सेटिंगवर देवनागरी टाकली तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं फुटतात. प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’खाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला टिक करा, मग पॅराग्राफच्या मेनूत साउथ एशियन कंपोझर निवडा. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय आहे. नावात ‘किनाऱ्यावर’सारखा शब्द असेल तर आणखी एक पाहा. साधा ‘र’ हलन्त करून ‘या’ जोडला की रफार होतो आणि ‘किनार्यावर’ छापून येतं. त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो, आणि फाँटमध्ये तो अर्धा ‘ऱ’ आहे की नाही ते फाँट निवडतानाच तपासायचं.

एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे मुक्त, बालू आणि मोडक हे फाँट मोफत मिळतात. मोडक फक्त शीर्षकापुरता, कारण तो इतका गुबगुबीत आहे की लहान आकारात आतल्या फटी बुजतात. इंग्रजी पोस्टरांवर अक्षरं लांबलांब ठेवायची फॅशन आहे, ती आपल्याकडे आणू नका. अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. शीर्षकाला कडा दिली की अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे शिरोरेखेवर उभ्या चिरा दिसतात. अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, पाथफाइंडरमधलं ‘युनाइट’ वापरलं की त्या जातात.

खालची श्रेयनामावली हॉलिवूडमध्ये उंच आणि निमुळत्या अक्षरांत असते, कारण नावांच्या अक्षरांची उंची करारानुसार शीर्षकाच्या प्रमाणात ठेवावा लागतो. देवनागरी तशीच दाबली तर काने बारीक होतात आणि शिरोरेखा तेवढीच जाड राहते. अगदी ओंगळ दिसतं. त्यापेक्षा मुक्तचं हलकं वजन घेऊन दोन-तीन ओळी करा, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात.

मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 40 इंचांवर ताणला की इंचाला साधारण 100 पिक्सेल उरतात. लांबून बघायच्या पोस्टरला ते चालतं. अक्षरं मात्र व्हेक्टरच हवीत, म्हणजे कितीही ताणली तरी न फुटणारी. पडद्यावरचा निळा समुद्र आणि पावसाळ्यातला झगझगीत हिरवा छपाईच्या चार शाईंत येत नाही, मळतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून आधीच पाहून घ्या. मोठ्या काळ्या भागाला निळी 60, किरमिजी 40, पिवळी 40, काळी 100 टक्के असं मिश्रण द्या. बारीक अक्षरांना फक्त काळी, नाहीतर प्लेट जराशी सरकली तरी कडा रंगीत दिसतात.

इथल्या अनेक कॉलेजांत स्क्रीन प्रिंटिंगची कार्यशाळा असते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांमुळे ते तंत्र कोकणातही ओळखीचं आहे, पण जून ते सप्टेंबर जपून. दमट हवेत स्क्रीनवरचं इमल्शन, म्हणजे नक्षी उमटवायचा लेप, सुकायला फार वेळ लागतो, आणि अर्धवट सुकलेलं धुताना नक्षीसकट निघून जातं. कागदही ओल धरून फुगतो, मग दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. कागद छपाईच्या खोलीतच एक दिवस उघडा ठेवा.

उन्हात पोस्टर लागणार असेल तर शीर्षक जांभ्याच्या लाल रंगात करू नका. किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, चित्र निळसर पडतं. काळं शीर्षक टिकतं.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची खूणही रचनेत सुरुवातीपासून धरा. 2024 पासून यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन गट आहेत.

कुडाळ-सावंतवाडीच्या प्रेसला फाइल देताना सगळी अक्षरं आउटलाइन करूनच द्या. कोरल सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू. कागदाला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, पुरतं. फ्लेक्सला चौकटीवर दुमडायला दोन-तीन इंच रिकामे सोडा, नाहीतर दिग्दर्शकाचं अर्धं नाव खिळ्यांखाली जातं.