तुम्ही विचारलंत म्हणून: नाशकात लहान मूल कुठं ठेवायचं?

आमच्या सोसायटीत नवीन कुणी राहायला आलं, नवरा-बायको दोघं नोकरीवाले आणि कडेवर पोर, की थोड्याच दिवसांत मला विचारणा होतेच, ताई एखादं चांगलं पाळणाघर सांगा ना. मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला होते, माझी दोन्ही मुलं इंदिरानगरात पाळणाघरातच वाढली, त्यामुळे लोकांना वाटतं माझ्याकडे यादी असेल. यादी बिदी काही नाही. मी उलट विचारते, तुमच्या दिवसातला अडचणीचा तास कोणता ते आधी सांगा.

कारण दहा ते पाच कुठंही सोय होते हो. मारामारी असते ती पहाटेच्या शिफ्टची, संध्याकाळी सहानंतरची आणि रविवारची. रविवार म्हटलं की बाहेरगावहून आलेले चमकतात, पण सातपूर-अंबडच्या कित्येक कंपन्यांत साप्ताहिक सुट्टी शनिवारची असते आणि रविवारी ड्युटी, आणि पाळणाघर मात्र रविवारी बंद. ज्या घरात एकाला शनिवार सुट्टी आणि दुसऱ्याला रविवार, त्यांचं बरं चालतं, बाकी कशात एकत्र वेळ मिळत नाही हा भाग वेगळा.

तर आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते घरगुती पाळणाघर. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड, कुठंही जा, गल्लीत एखाद्या काकू असतातच, खालचा हॉल मुलांना दिलेला, मदतीला एक मावशी, डबा आपण घरून द्यायचा किंवा काकूंकडचा वरणभात. अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस असे वेगळे दर, उशीर झाला तर वरचे पैसे. मला मनापासून हाच प्रकार आवडतो, कारण काकूंना फोन करून सांगता येतं की द्वारका चौकात अडकलेय, अर्धा तास थांबा, आणि त्या कुरकुरत का होईना थांबतात. पण मग काकूंच्या भाचीचं लग्न आलं की तुमचं पाळणाघर बंद. त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारायचं की तुम्ही गावाला जाता तेव्हा काय, आजारी पडलात तर मावशी एकट्या सांभाळतात का, तापाचं मूल घेता का. आणि बघायला जाताना फोन करून ठरवलेल्या वेळेला जाऊ नका, दुपारी जेवणाच्या वेळेला जा. भरवताना टीव्ही चालू आहे का, झोपलेल्या मुलांजवळ मोठं कुणी बसलंय का, बाथरूम ओलं आहे का, एवढं दिसलं तरी पुष्कळ कळतं. भिंतीवरच्या कार्टूनवर जाऊ नका.

दुसरा प्रकार म्हणजे प्लेग्रुप-नर्सरीला जोडलेलं डे केअर. कॅमेरे असतात, रजिस्टर असतं, एक टीचर रजेवर गेली तर दुसरी असते, सगळं छान, फक्त काही ठिकाणी शाळेला सुट्टी की डे केअरलाही सुट्टी. आमच्या धाकट्याच्या वेळी एका ठिकाणी फी भरून झाल्यावर हे समजलं, आणि मे महिना अख्खा काढायचा होता. तर सुट्ट्यांची यादी आधी मागा, ब्रोशर नंतर वाचा.

घरी बाई ठेवणं हे तान्ह्या बाळासाठी सोपं वाटतं, पण घरात दुसरं कुणी मोठं असेल तरच मी हो म्हणते. आजी-आजोबा असतील तर सोन्याहून पिवळं, फक्त गुडघे दुखणाऱ्या आजीच्या गळ्यात दिवसभर दोन वर्षांचं पोर अडकवू नका, अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी असं जमतं.

अंगणवाडीचं नाव काढलं की फ्लॅटवाले नाक मुरडतात. का ते मला कळत नाही. बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीला 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी वस्तीत मुलांच्या अंगणापर्यंत शाळा घेऊन गेल्या, तिथली ही कल्पना, आणि 1975 पासून सरकारची योजना. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी-गोष्टी, गरम खाऊ, वजन-उंची, सगळं फुकट. अडचण एकच, ती काही तासांचीच असते, नोकरीवालीचा दिवस त्यात भागत नाही, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांना आहार घरी न्यायला मिळतो, तिथं ठेवता येत नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे, पण सगळीकडे नाही, तुमच्या भागातल्या अंगणवाडी ताईंना विचारलं की कळतं.

कंपनीचं पाळणाघर हा तर हक्कच आहे. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हा रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा धरून. दोन-चार कंपन्यांनी मिळून एकच सोय केली तरी चालते. छोट्या वर्कशॉपमधल्या बायका मात्र यात बसतच नाहीत, आणि सातची शिफ्ट त्यांनाच असते. त्या बिचाऱ्या शेजारणीकडे पोर ठेवतात, महिन्याला काहीतरी हातावर ठेवतात, आणि हेही एक पाळणाघरच झालं की, फक्त बोर्ड नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायांचं तर तेवढंही नाही, बागेच्या कडेला साडीची झोळी आणि झोका द्यायला मोठी बहीण, जिनं खरं तर त्या वेळी शाळेत असायला पाहिजे.

एक आणखी, शोधायला जूनमध्ये निघू नका. शाळा सुरू झाल्या की शाळेतून परस्पर येणारी मोठी मुलं काकूंकडे वाढतात आणि तान्ह्या बाळाला पहिला नकार मिळतो, त्यापेक्षा एप्रिलमध्येच बोलून ठेवा, आणि कामावर रुजू व्हायच्या आधीचे थोडे दिवस मूल तासभर, मग दोन तास असं ठेवून बघा.