बेरीज जुळली होती

बैठक दुपारी तीनची. वर्षभराच्या विक्रीचा ग्राहकवार अहवाल मी आदल्या संध्याकाळीच पाठवला होता. एकूण बेरीज हिशेब विभागाच्या आकड्याशी जवळजवळ जुळत होती. थोडा फरक होता, तो परत आलेल्या मालाचा असेल असं मी धरून चालले.

सकाळी वसुली बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "तुझ्या यादीत पहिलं नाव आहे ना, त्याच्याकडून पैसे काढताना आमच्या नाकी नऊ येतात. एवढा माल त्यानं घेतला कधी?" त्या यादीतल्या पहिल्या दहा जणांची उधारीची मर्यादा बैठकीत वाढणार होती.

मी त्याची बिलं उघडली. एक बिल 60,000चं, तीन हप्त्यांत फेडलेलं. माझ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या आज्ञेत, बिलांचं टेबल जमेच्या टेबलाला बिल क्रमांकावर जोडलेलं. जमेच्या नोंदी तीन, म्हणून बिलाची ओळ तीनदा आली आणि बेरीज झाली 1,80,000. जो जास्त हप्ते पाडेल, तो मोठा ग्राहक!

मग एकूण आकडा जुळला कसा? इथे मी तासभर अडले. जॉइन, म्हणजे टेबलांची जोडणी, इनर होता: दोन्ही टेबलांत नोंद असेल तेवढ्याच ओळी ठेवणारा. ज्या बिलांवर काहीच जमा नव्हतं, ती अहवालातून गळाली होती. एकीकडची सूज आणि दुसरीकडची गळती, दोन्ही योगायोगाने जवळपास सारख्या. आजही आठवलं की पोटात गोळा येतो, कारण एकूण आकडा ताडून पाहणं एवढीच माझी तपासणी होती.

सहकारी म्हणाला, "डिस्टिंक्ट लाव," म्हणजे पुन्हा आलेली किंमत एकदाच मोज. पण रकमेवर डिस्टिंक्ट लावलं की सारख्या रकमेची दोन वेगळी बिलंही एकच धरली जातात. मी आधी जमा रकमांची बिलवार बेरीज केली, म्हणजे एका बिलाला एकच ओळ उरली, आणि मग लेफ्ट जॉइनने (जमा नसली तरी प्रत्येक बिल ठेवणाऱ्या जोडणीने) ती बिलांना जोडली. डेटा वेअरहाऊसच्या, म्हणजे अहवालांसाठी एकत्र साठवलेल्या माहितीच्या, रचनेसाठी या विषयातले जाणकार राल्फ किंबॉल यांनी ज्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यातली दुसरीच ग्रेन ठरवण्याची आहे: एक ओळ म्हणजे नेमकं काय? माझ्या एका ओळीचा अर्थ 'बिल' वरून 'हप्ता' झाला होता आणि मी तो विचारलाच नव्हता.

नवी यादी मी आधी ताईंकडे पाठवली. त्यांनी सात-आठ नावं आपल्या वहीशी पडताळली. बैठकीत पहिल्यांदा जुना अहवाल चुकीचा होता हे सांगितलं, मग नवा उघडला. ते पहिलं नाव आता पहिल्या दहांत नव्हतं.