होतकरू

आमच्या फ्रिजवर तीन कागद चिकटवलेले आहेत. एक कचऱ्याच्या गाडीचा, एक मुलाच्या शाळेच्या बसचा आणि तिसरा दहा नावांचा. तिसरा पेन्सिलने लिहिलाय आणि इतक्यांदा खोडलाय की चौथ्या नावापाशी कागद झिजून फ्रिजचा पांढरा पत्रा दिसायला लागलाय. ही डेट्रॉइट रेड विंग्ज या हॉकी संघाच्या होतकरू खेळाडूंची क्रमवारी. यादी करणार माझा चौदा वर्षांचा मुलगा, हरकती नोंदवणार मी, आणि अंतिम निर्णय पुन्हा त्याचाच, कारण खोडरबर त्याच्या खिशात असतं.

हॉकी म्हणजे बर्फावरची. हे सांगावं लागतं, कारण नाशिकला माझ्या आईला अजून वाटतं की नातू ध्यानचंदांच्या वाटेने निघालाय. तिला हसण्यात अर्थ नाही. मी मिशिगनात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं ती काळी रबरी चकती मला दिसायचीच नाही. लोक उभे राहिले की गोल झाला असं धरून मीही उभा राहायचो.

'प्रॉस्पेक्ट'ला 'होतकरू' हा शब्द मीच घरात आणला. आपल्याकडे हा शब्द कधी एकटा फिरत नाही. 'गरीब व होतकरू' अशी जोडगोळी, तीही कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या शिष्यवृत्तीच्या पाटीवर. इथली पोरं गरीब नसतील, पण शब्द नेमका बसतो. अजून काही झालेला नाही, होईन म्हणतो.

दर जूनअखेर एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगचे 32 संघ मिळून सात फेऱ्यांत अठराच्या आसपासची सव्वादोनशे मुलं निवडतात. त्यातली बहुतेक लगेच मोठ्या संघात येत नाहीत. कोणी कॅनडातल्या ज्युनिअर लीगमध्ये परत जातो, कोणी इथल्या कॉलेजात, कोणी स्वीडनला. मग, डेट्रॉइटचा असेल तर, ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स या त्यांच्या दुय्यम संघात एक-दोन वर्षं. डेट्रॉइटची तर जुनी रीतच आहे की फळ जरा जास्तच पिकू द्यायचं. मला ऐकताक्षणी पटलं. हापूस अढीत घालतात तसंच हे. फरक इतकाच की अढी घालणारा तिकडे निवांत असतो आणि आम्ही बाहेरचे लोक रोज पेंढा उचकून वास घेत बसतो.

आम्हाला दुसरं कामच काय होतं? 1991 ते 2016 अशी सलग पंचवीस वर्षं हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे करंडकासाठीच्या बाद फेरीत, होता. त्यानंतरच्या नऊ मोसमांत एकदाही नाही. 2019-20 मध्ये 71 सामन्यांत 17 विजय, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिला. बरं, शेवटून पहिला आलेल्याला पुढच्या निवडीत पहिला मान मिळावा अशी आशा असते, पण तिथे सोडत असते आणि सोडतीत आम्ही चौथ्या क्रमांकावर घसरलो. ज्या संघाचा आज बघवत नाही त्याचा उद्या बघायचा, एवढंच हातात उरतं. मी आजवर या संघाचे जेवढे सामने शेवटपर्यंत पाहिले असतील त्याहून जास्त वेळ न झालेल्या सामन्यांवर वाद घातलाय.

या वादाची एक भाषा आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, याचं सीलिंग उंच आहे, पण फ्लोअर खूप खाली आहे." मी आधी गवंड्याशी बोलतोय असं समजून मान डोलवायचो. सीलिंग म्हणजे सगळं जमून आलं तर तो कुठवर जाईल आणि फ्लोअर म्हणजे काहीच जमलं नाही तर कुठे येऊन थांबेल. 'दोनशे फुटी खेळाडू' म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या दोनशे फूट लांबीत, स्वतःच्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत, सगळीकडे राबणारा. मुलाची यादी सीलिंगवर चालते, माझी फ्लोअरवर. मी गृहकर्ज फेडतोय, तो नाही.

याद्या चुकतात. आमच्या तर फार चुकल्या. 2018 मध्ये फिलिप झाडिना सहाव्या क्रमांकावर आमच्या पदरात पडला तेव्हा गावभर पेढे वाटायचेच बाकी होते. ज्यांनी मला घेतलं नाही त्यांची जाळी मी चकत्यांनी भरून टाकीन, अशा अर्थाचं तो बोलला होता. आम्ही ते वाक्य जपून ठेवलं. जाळी काही भरली नाहीत. 2023 मध्ये पंचेचाळीस लाखांहून जास्त डॉलरवर पाणी सोडून, करार मोडून तो निघून गेला. आणि त्याच्या पाठोपाठ सातव्या क्रमांकावर व्हँकुव्हरने कोणाला उचललं? क्विन ह्यूजला, जो आमच्या नोव्हायपासून अर्ध्या तासावर अ‍ॅन आर्बरला कॉलेजात खेळत होता. 2024 मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

पुढच्याच वर्षी उलटं. स्टीव्ह आयझरमन नुकताच जनरल मॅनेजर झाला होता. सहाव्या क्रमांकावर त्याने मॉरिट्झ सायडर हे नाव घेतलं. बहुतेकांच्या याद्यांत हा जर्मन मुलगा बराच खाली होता. कॅमेरा त्याच्यावर गेला तर त्याचाच आ वासलेला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, तो म्हणाला, "बाबा, त्यालाच माहीत नव्हतं!" त्या रात्री मी आयझरमनला जे काही बोललो ते मराठीत बोललो म्हणून बरं. सायडर एक वर्ष ग्रँड रॅपिड्सला पिकला, एक वर्ष स्वीडनला, आणि 2022 मध्ये लीगमधला सर्वोत्तम नवोदित म्हणून काल्डर करंडक घेऊन बसला.

माझ्या ऑफिसात निवृत्तीला टेकलेला एक अस्सल मिशिगनकर आहे. संघाने जिंकलेला 1997 चा आणि 1998 चा लीगचा करंडक त्याने ऐन उमेदीत पाहिलाय. दर सप्टेंबरला मी त्याला पाच नावं मागतो, तो चार लिहून देतो आणि पाचवी ओळ रिकामी सोडतो. कारण विचारलं की दोनच आकडे सांगतो: 171 आणि 210. पावेल दात्स्युक 1998 मध्ये 171 वा निवडला गेला, हेनरिक झेटरबर्ग 1999 मध्ये 210 वा. म्हणजे एकाच्या आधी 170 पोरं लोकांना जास्त बरी वाटली, दुसऱ्याच्या आधी 209. दोघांनी मिळून 2008 चा करंडक आणला. दात्स्युकला तर हाकान अँडरसन नावाच्या टेहळ्याने दुसऱ्याच एका मुलाला पाहायला गेला असताना हेरलं. थोरलीला बघायला जावं आणि चहा घेऊन आलेली धाकटी पसंत पडावी, तसं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण या दोघांचे पाळण्यात कोणी पाहिले? तेव्हाच्या एकाही डेट्रॉइटकराच्या फ्रिजवर ही नावं नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

धाकटीवरून आठवलं. रविवारी सकाळी नाशिकचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मुलगा आजीला यादी वाचून दाखवतो. आईने आयुष्यात तीस-चाळीस लग्नं तरी जमवली असतील, त्यामुळे ती क्षणात विषयात शिरते. नाव, गाव, फोटो. मग पहिला प्रश्न ठरलेला.

"उंची किती रे त्याची?"

"सहा फूट सहा इंच, आजी. गोलकीपर आहे."

"बाई! अन् दारातून आत कसा येतो?"

हा सेबास्टियन कोसा. 2021 मध्ये 23 व्या क्रमांकावरून 15 व्यावर उडी मारायला आम्ही डॅलसला वर आणखी दोन निवडी दिल्या आणि याला घेतलं. डॅलसने आमच्याच जुन्या जागेवर वायट जॉन्स्टनला उचललं आणि तो दोन मोसमांत तिशीपार गोल करून मोकळाही झाला. हे मी घरात महिन्यातून एकदा तरी काढतोच. गोलकीपर म्हणजे फणस, कधी पिकेल ते बाहेरून कळत नाही. मुलगा मात्र त्याला वरच्या तिनातून हलवत नाही. 2024 च्या डिसेंबरात बफेलोला बदली म्हणून उतरून त्याने पहिला विजय मिळवला, त्या रात्री पोराने मला झोपेतून उठवलं होतं.

त्याच हिवाळ्यात आम्ही ग्रँड रॅपिड्सला गेलो. इथून सव्वादोन तास, सगळा रस्ता करडा. मी तिथे याआधी एकदाच गेलो होतो, 2017 च्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला. त्याच गावात महिनाभर आधी ग्रिफिन्सनी आपल्या लीगचा करंडक जिंकला होता, आणि मी मात्र जेवणाच्या रांगेत मठ्ठा संपेल की काय या चिंतेत उभा होतो.

सामन्याच्या आधी सरावाला आम्ही काचेला नाक लावून उभे राहिलो. दूरदर्शनवर हा खेळ सरकतो, इथे तो आदळतो. चकती फळीवर बसली की छातीत ठोका येतो. आमच्या यादीतला एक जण समोरच येऊन थांबला, हातभर अंतरावर. हनुवटीवर मुरमं. दातांचं रबरी कवच अर्धं तोंडाबाहेर, ते चघळत होता, पेन्सिलचं टोक चघळावं तसं. बुटाची नाडी सैल झाली होती म्हणून एका गुडघ्यावर बसला, हातमोजा काखेत धरला, तो निसटून पडला, तो उचलताना काठी पडली. शेजारून जाणाऱ्याने काठीला मुद्दाम लाथ मारली आणि ती दूर घसरत गेली. हा हसला आणि एका पायाची नाडी लोंबत तसाच तिच्यामागे गेला.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, हा पोरगाच आहे अजून."

घरी आल्यावर त्याने खोडरबर काढलं आणि त्याला सातव्यावरून चौथ्यावर आणलं. तिथेच कागद झिजलाय. मी विचारलं, का? सीलिंग वाढलं? "नाही. हसतो छान." आजीचं रक्त.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. यादीतलं पोरगं कधी चुकत नाही. ते सातवं आहे म्हणून वाईट वाटतं, पण पास चुकला म्हणून कोणी त्याच्यावर ओरडत नाही. तेच एकदा मोठ्या संघात आलं की पहिल्या पंधरवड्यात आमचाच सूर बदलतो. "काय हा, याच्यासाठी थांबलो का आपण पाच वर्षं?" लुकास रेमंडला आम्ही होतकरू असताना जितकं डोक्यावर घेतलं तितकं त्याने 2024-25 मध्ये 80 गुण (गोल आणि गोलला लावलेला हातभार मिळून) केल्यावरही घेतलं नाही. झालेल्या माणसाचं कौतुक करायला आमच्याकडे शब्दच कमी. त्याचा पगार किती, हे आधी आठवतं.

2025 च्या ऑक्टोबरात मोसम सुरू झाला तेव्हा संघात तीन नवी पोरं होती. स्वीडनचा अ‍ॅक्सेल सँडिन-पेलिक्का, ज्याला आम्ही कायम वरच ठेवला होता. मायकेल ब्रँडसेग-निगार्ड, पहिल्या फेरीत निवडला गेलेला पहिलावहिला नॉर्वेकर, तोही यादीत. आणि एमिट फिनी. 2023 च्या सातव्या फेरीतला, 201 वा. फ्रिजवर त्याचं नाव नव्हतं. खोडलेल्या नावांतही नव्हतं. मुलाने कागद दिव्यासमोर धरून तपासलं.

"आता लिहू का?" त्याने विचारलं.

"आता लिहून काय उपयोग? तो तर खेळतोय."

सोमवारी ऑफिसात तो म्हातारा काही बोलला नाही. नुसता 201 असा आकडा माझ्या फळ्यावर लिहून गेला.

रविवारी कॉल आला तेव्हा मुलाने नवा कागद लावला होता. दहा नावं, आणि खाली '11' असा आकडा टाकून पुढे कोरं. आईने चष्मा वर केला, फोनपाशी आली.

"हे अकरावं कोण रे?"

"ते अजून कळलं नाही, आजी."

"बरं," ती म्हणाली. "उंची?"