अ‍ॅडेलची डिस्कोग्राफी वाचताना

डिस्कोग्राफी म्हणजे गायकाच्या अल्बम-गाण्यांचा तक्ता. ब्रिटिश गायिका अ‍ॅडेलचे चारच स्टुडिओ अल्बम: '19' (2008), '21' (2011), '25' (2015) आणि '30' (2021). तक्ता छोटा दिसतो, पण चुका इथेच जास्त होतात.

पहिली चूक देशांची सरमिसळ. '21' अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 या अल्बमच्या साप्ताहिक क्रमवारीत 24 आठवडे पहिला होता, ब्रिटनमध्ये 23. एकच आकडा दोन्हीकडे चिकटवू नका. 'रोलिंग इन द डीप' हे गाणं अमेरिकेत सलग 7 आठवडे पहिलं राहिलं. तिच्या मायदेशी, ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्याच क्रमांकापर्यंत पोचलं.

दुसरी चूक, सर्वोच्च क्रमांकाचा रकाना एकदा भरून सोडून देणं. 'मेक यू फील माय लव्ह' ब्रिटनमध्ये 2008 साली 26 वर थांबलं होतं. 2010 मध्ये तेच गाणं चौथ्या क्रमांकावर चढलं! म्हणून गाण्याचं वर्ष प्रकाशनाचं लिहावं, क्रमांक मात्र आजवरचा सर्वोत्तम.

'25' ची तर गोष्टच वेगळी. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे 33.8 लाख प्रती खपल्या, आणि तेव्हा अल्बम स्ट्रीमिंगवर ठेवलेलाच नव्हता. म्हणजे ही निखळ विक्री. आजच्या 'युनिट'शी तिची तुलना करू नये: अमेरिकेच्या प्लॅटिनम प्रमाणपत्रात 10 गाण्यांची विक्री किंवा 1,500 स्ट्रीम मिळून एक अल्बम धरतात, आणि असे 10 लाख युनिट झाले की प्लॅटिनम. त्यामुळे विक्री आणि प्रमाणपत्र यांचे रकाने वेगळेच ठेवावेत.