आमची वाटचाल : एकच बेट, तेही सावकाश

आमची सहल कंपनी नाशिकची. ती छोटीच राहावी, असं आम्हा नवरा-बायकोचं पहिल्यापासूनचं मत. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, पुढे वायनऱ्या वाढल्या आणि पुण्या-मुंबईची मंडळी सुट्टीच्या दिवशी इकडे येऊ लागली. त्यांना बागा दाखवणं हे आमचं पहिलं काम. पण पाहुणे चार ग्लास चाखून, फोटो काढून पुढच्या वायनरीकडे पळायचे. वेलीजवळ कुणी थांबत नसे. जेवत-बोलत, एका दिवशी एकच बाग बघायची अशी सहल काढायचं तेव्हाच मनात पक्कं झालं.

त्यासाठी इटलीचं सिसिली बेट निवडलं ते एटना या ज्वालामुखीमुळे. आपली नाशिकची काळी जमीन लाव्ह्याचीच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एटना आजही धुमसतोय आणि त्याच्या उतारावर, काळ्या दगडांचे बांध घालून केलेल्या टप्प्यांवर द्राक्षं पिकतात. ना मांडव, ना तारा. जुन्या बागांत प्रत्येक वेल झुडपासारखी एकटी उभी, चेस्टनटच्या खुंटाला बांधलेली. लाल वाईनचं मुख्य द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे, पांढऱ्याचं कारिकांते. उंचीमुळे नेरेल्लो उशिरा पिकतं आणि तोडणी ऑक्टोबरपर्यंत चालते. म्हणून आम्ही त्याच सुमाराला जातो.

आमच्यासोबत निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार हमखास असतात, आणि त्यांच्यामुळे सहलीला खरा रंग चढतो. ते आधी माती हातात घेतात, मग काडीची जाडी बघतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, असं आपण वर्षातून दोनदा छाटतो हे ऐकून तिथला बागवाला थक्क झाला होता. त्याची वेल हिवाळाभर झोपते, आपली झोपतच नाही. दुभाष्या मधे असूनही त्या गप्पा तासभर रंगल्या. त्या दुपारी दुसरं काही बघायचं ठेवलं नव्हतं, हे किती बरं झालं!

एटनानंतर दक्षिणेला व्हित्तोरिया. चेरासुओलो दी व्हित्तोरिया ही इथली वाईन नेरो दाव्होला आणि फ्रापातो या दोन द्राक्षांची, आणि इटलीत वाईनला मिळणारा सर्वोच्च दर्जा सिसिलीत फक्त हिला आहे, 2005 पासून. जवळच्या मोदिकात चॉकलेट कमी आचेवर करतात, त्यामुळे साखर विरघळत नाही, दाताखाली कुरकुरते. पश्चिमेला मार्साला. 1773 मध्ये जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाईन पिंपांत भरून मायदेशी पाठवली, आणि समुद्रप्रवासात ती टिकावी म्हणून तिच्यात मद्यार्क घातला. तिथून मार्सालाचं नाव जगभर गेलं. शेवटचा मुक्काम पालेर्मो.

हा क्रम मुद्दाम असा आहे. एटनाची राख उडाली की त्याच्या पायथ्याच्या कातानिया शहराचा विमानतळ कधी कधी बंद पडतो. परतीचं विमान तिथून ठेवलं तर सगळ्यांचा जीव टांगणीला.

चौकशीचा पहिला फोन बहुतेक वेळा शाकाहाराबद्दलच असतो. त्यांना मी मनापासून सांगते, निर्धास्त या. नवव्या शतकात अरब इथे आले, आणि वांगी, लिंबूवर्गी फळं, ऊस त्यांच्याबरोबर सिसिलीत रुजले. कापोनाता या भाजीत तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या असतात आणि चव व्हिनेगर-साखरेची, आंबटगोड. कातानियात पास्ता अल्ला नोर्मा मिळतो, तोही वांग्याचाच, वर रिकोत्ता नावाचं खारवलेलं चीज किसलेलं. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात पानेल्ले नावाच्या वड्या पावात घालून देतात. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, तळलेलं. आपल्या बायका पहिल्या घासाला ओळखतात आणि तिथेच कृतीची देवाणघेवाण सुरू होते. मासे खाणाऱ्यांसाठी त्रापानीचा कुसकुस आहे: रवा पाणी शिंपडत हाताने चोळायचा, वाफवायचा आणि वर माशांचा रस्सा. त्याला घाई चालत नाही.

2020 मध्ये सगळं ठप्प झालं. घेतलेले आगाऊ पैसे आम्ही परत केले आणि नाशिकच्या बागांवर घर चालवलं. पुन्हा निघालो तेव्हा बरेच जण म्हणाले, दिवस तेवढेच ठेवून रोम आणि व्हेनिस जोडा, बुकिंग वाढेल. वाढलं असतं. पण मग दुपारचं जेवण बसमध्ये डब्यातून झालं असतं. ते आम्हाला करायचं नाही.

गटात बारापेक्षा जास्त माणसं आम्ही घेत नाही, कारण एटनावरच्या छोट्या बागांत जेवणाचं टेबल तेवढंच असतं आणि मालकीण स्वतः वाढते. वाईन न पिणारेही खुशाल यावेत; त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस आणि बदामाचं दूध सांगून ठेवतो.

आता सिसिलीतच मोडणाऱ्या पान्तेल्लेरिया या छोट्या बेटाची तयारी चालू आहे. तिथे वारा इतका की वेली जमिनीतल्या खळग्यात लावतात. त्या पद्धतीला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. झिबिब्बो द्राक्षं उन्हात सुकवून केलेली तिथली गोड वाईन आपल्या बेदाणेवाल्यांनी चाखावी, अशी फार इच्छा आहे. तासगावच्या काही मंडळींशी बोलणं झालंय.